पिकअपची वही

12 ऑक्टोबर 2024, दसरा. मीटर 2,86,410

सकाळी गाडी धुतली. पाने, पकडी, जॅक, ग्रीसगन सगळं पुसून पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, बोनेटला झेंडूची माळ बांधली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि चावी फिरवली. कट्. नुसतंच कट्, पुढं काही नाही. परत फिरवली, परत कट्. आबा नारळ हातात धरून समोर उभे. शेजारची पोरं कुंपणावर चढून बघायला लागली. पाचव्या खेपेला लागली, लिंबं फुटली, पण आबांचं तोंड उतरलं ते उतरलंच. म्हणाले, "म्हातारी झाली रे ती आता. किती ओढायची तिला?"

गाडी 2007 ची. आबांनी 2012 ला इस्लामपुरातून जुनी घेतली. तेव्हापासून तिला तिघांचेच हात लागलेत: आबांचा, माझा आणि मिरजेच्या मिस्त्रींचा. मिस्त्रींनी दोन वर्षांमागं गॅरेज बंद केलं, गुडघे गेले त्यांचे. आता ते फोनवर सांगतात आणि पाना मी फिरवतो.

म्हणून आजपासून ही वही. औषध फवारणीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच घेतली. रकाने चार पाडलेत: तारीख, मीटर, काम आणि "मागचा हात". म्हणजे त्या जागेला शेवटचा पाना कुणी लावला, कधी लावला. चौथा रकाना मिस्त्रींमुळं. गाडीनं नवी खोड काढली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटी हात कुणी घातला होता?" मला तो टोमणा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

संध्याकाळी कवठे एकंदला पालखी आणि शोभेचं दारूकाम बघायला गेलो. गाडी मुद्दाम उतारावर, तोंड रस्त्याकडं करून लावली. रात्री निघताना एका चावीत लागली. आता हिला बिघाड म्हणायचं का नाही? कायम बंद पडलेली गाडी परवडली, ही अशी मधूनच रुसणारी नको.

17 ऑक्टोबर

छाटणीची माणसं द्राक्षबागेत सोडली आणि बॅटरी बघायला घेतली. रात्रभर उभ्या गाडीवर मल्टिमीटर 12.6 व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू करून 14.1, म्हणजे अल्टरनेटरही भरतोय. तासगावात एका बॅटरीच्या दुकानात विचारलं तर मीटर न लावताच निकाल: नवी टाका, विषय संपवा. नाही टाकली.

मग संशय सेल्फवर, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरवर. खालचा बोल्ट समोर दिसतो. वरचा दिसतच नाही, गोटीपान्याला दोन एक्स्टेन्शन जोडून, गाल चॅसीला टेकवून हाताच्या अंदाजानं काढायचा. निघाला तेव्हा सेल्फ सरळ छातीवर. कार्बन (आत घासून करंट पोचवणारे तुकडे) झिजून निम्म्याच्या खाली आले होते. सेट 180 रुपयांना मिळाला. ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं साफ केला, सेल्फला करंट सोडणाऱ्या सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे पॉइंट जळून खड्डे पडले होते ते कानशीनं सपाट केले. बसवला. एका चावीत भर्रकन.

मागचा हात: मिस्त्री, 2018. त्यांचा काही दोष नाही, कार्बन झिजायलाच असतात.

29 ऑक्टोबर

कट्.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

बहिणीला आणायला निघालो, कट्. परत येताना तिच्या दारात, सगळ्यांच्या देखत, परत कट्. मेहुण्यांनी नव्या सदऱ्यावर ढकलून दिली. काळा हाताचा पंजा उठला सदऱ्यावर. वहीत काय लिहू? 180 रुपये आणि दीड दिवस वाया.

20 नोव्हेंबर. मीटर 2,87,650

विधानसभेचं मतदान. सकाळी आठला शाई लावून आलो, दिवसभर सुट्टी, धाकटा मुलगा कॉलेजातून घरी. आज काय ते बघायचंच म्हणून बसलो.

मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, "सुट्टे भाग तपासत बसू नकोस. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज कुठं सांडतंय ते शोध." ही गोष्ट मला आजवर नीट कळली नव्हती, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

सेल्फ फिरताना दोनशेच्या आसपास अँपिअर ओढतो. एवढा करंट बॅटरीच्या प्लसमधून जाड वायरीनं सेल्फकडं जातो आणि तितकाच इंजिनच्या लोखंडातून, अर्थिंगच्या पट्टीतून, चॅसीतून परत मायनसला यावा लागतो. सगळे जाण्याच्या वाटेकडंच बघतात. आपल्या पाटाचं पण तसंच असतं, पाणी कुठं अडलंय ते शेवटच्या सरीला जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. वाटेत कुठं गंज किंवा घाण असली की तिथं व्होल्ट पडतात आणि सेल्फला उपाशी राहावं लागतं. उभ्या गाडीवर हे दिसत नाही, कारण तेव्हा करंटच वाहत नसतो. म्हणून बॅटरी 12.6 दाखवते आणि आपण फसतो.

धाकट्याला चावीवर बसवलं, स्टॉपची केबल ओढून धरायला सांगितली म्हणजे इंजिन लागणार नाही, नुसतं फिरेल. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर. आधी प्लसची बाजू: बॅटरीचा खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट, 0.2. चांगली. मग मायनसची: काळं टोक बॅटरीच्या खांबावर (खांबावर, वरच्या क्लॅम्पवर नाही), लाल टोक इंजिनच्या ब्लॉकवर कानशीनं घासलेल्या जागी.

"फिरव."

कट्. आकडा 1.83.

पाव व्होल्टाच्या आत हवा होता. अर्ध्याच्या वर गेला की रोग तिथंच. मग वाट तुकड्यांनी मोजली. खांब ते चॅसी 0.06. चॅसी ते ब्लॉक 1.75. म्हणजे रोग इंजिन आणि चॅसीच्या मधल्या विणलेल्या पट्टीत. गिअरबॉक्सजवळ खाली आहे ती, हाताएवढी लांब. चॅसीकडचा बोल्ट सोडवला, कडी उचलली आणि बघतच राहिलो. कडीच्या खाली काळा रंग. गुळगुळीत, चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. जून 2023 ला पावसाळ्याआधी चॅसीला काळा ऑइलपेंट मारला होता तो. हौसेनं दोन हात मारले होते. पट्टी सोडून बाजूला केली, रंगवलं, वाळल्यावर त्याच रंगावर पट्टी परत आवळली. बोल्टच्या आट्यातून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर दीड वर्ष गाडी चालली.

आणि आता दुसरी गोष्ट उलगडली. गेल्या ऑगस्टात ॲक्सिलरेटरची केबल जड झाली म्हणून बदलली होती, ती जुनी केबल अजून खुंटीला आहे. कापून बघितली. आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलंय. तेव्हा दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून बोललो होतो. माल चांगला होता. सरळ वाट बंद झाल्यावर करंटनं इंजिनपासून केबिनपर्यंत जी धातूची तार सापडली ती धरली. केबल बिचारी अर्थिंगचं काम करत होती.

जागा कानशीनं पांढरी केली, स्टार वायसर घातला, आवळल्यावर वरून व्हॅसलिन. पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही हिरवट पूड होती, तीही घासली. परत मोजलं: 0.14. धाकट्यानं चावी फिरवली तर इंजिन असं गरगरलं की तो दचकला.

मागचा हात: मी, जून 2023.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग म्हातारी नव्हती होय झाली?" त्या दुकानदाराकडं एकदा जाऊन चहा पाजायला हवा.

7 डिसेंबर

थंडी पडली आणि नवं नाटक. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. आधी धूरच नाही, मग फडफडत, पांढऱ्या धुराचा लोट सोडत लागते. डिझेलचा हँडपंप वीस-पंचवीस वेळा दाबला की लगेच लागते. दिवसभर मग काही तक्रार नाही. लक्षण सरळ आहे: रात्रीत डिझेल मागं उतरतं आणि लाईन हवा घेते. हवा कुठून घेते हे सरळ नाही. डिझेल गळत असलं तर ओल दिसते. डिझेल पंपाच्या ओढीच्या बाजूला मात्र बाहेर काहीच येत नाही, हवाच आत जाते.

8 डिसेंबर

गावात एका घराचं बांधकाम चाललंय, तिथल्या गवंड्याकडून लेव्हलच्या पाइपचा हातभर तुकडा मागून आणला. पारदर्शक असतो, आपल्याला तेच हवं. फिल्टरच्या पुढं रबरी नळीच्या जागी जोडला आणि गाडी चालू केली. पिवळसर डिझेलमधून मोत्यासारखे बुडबुडे, एकामागं एक. मग तोच तुकडा फिल्टरच्या अलीकडं लावला. बुडबुडे बंद. म्हणजे टाकीपासून फिल्टरपर्यंत सगळं घट्ट, हवा फिल्टरच्या डोक्यावरच शिरते.

तिथं बॅंजो बोल्ट (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर. एप्रिलात फिल्टर बदलला तेव्हा नवे वायसर आणले नव्हते, जुनेच परत घातले होते. एकदा आवळलेलं तांबं दबून कडक होतं, दुसऱ्यांदा ते जागेवर चपखल बसत नाही.

नवे वायसर तासगावात मिळतात, पण रविवार. मिस्त्रींची युक्ती: वायसर लाल करायचा आणि पाण्यात टाकायचा. स्वयंपाकघरात गॅसवर सांडशीत धरला. आधी इंद्रधनुष्यासारखे रंग चढतात, मग काळपट, मग मंद लाल. वाटीतल्या पाण्यात टाकला, चर्र झालं आणि वरची काळी साल आपोआप सुटून खाली गुलाबी तांबं निघालं. नखानं दाबलं तरी जाणवतं इतका मऊ. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं, हे धाकट्याला खरं वाटेना. त्यानं दुसरा स्वतः केला. वाटी आमटीची होती हे नंतर कळलं, त्याबद्दल जे ऐकायचं ते दोघांनी ऐकलं.

बसवले, हवा काढली, बुडबुडे गेले. गवंड्याचा पाइप परत केला नाही, पानांच्या पेटीत ठेवलाय.

मागचा हात: मी, एप्रिल.

14 जानेवारी 2025, संक्रांत

सगळ्या निपलांना ग्रीस. प्रोपेलर शाफ्टच्या (मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या) मागच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, किंचित खेळ लागतोय. हंगाम काढेल.

26 जानेवारी. मीटर 2,90,120

पुढच्या महिन्यात पासिंग. आठ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी काढावं लागतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते, हे आधी निस्तरायला हवं.

डावीकडं ओढते म्हणून आबांनी डावं चाक खोलायला घेतलं होतं. मी थांबवलं. डावीकडं ओढते म्हणजे डावा ब्रेक लागतोय. उजवा लागत नाही म्हणून ओढते. उजवं पुढचं चाक खोललं. कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारी पकड, ती ज्या दोन स्लायडर पिनांवर सरकते त्यांपैकी खालची जाम. कॅलिपर सरकतच नव्हता, आतला पॅड झिजून पत्र्याला आलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. पिन हातोडीनं हळूहळू, डब्लूडी (गंज सोडवायचा स्प्रे) पाजत, अर्ध्या तासात निघाली. तिच्यावरचा रबरी बूट फुगून जिलबीसारखा झालेला. फुगला तो साध्या ग्रीसनं. ब्रेकच्या रबराला खनिज तेल सोसत नाही, तिथं सिलिकॉनचं वेगळं ग्रीस लागतं, छोटी पुडी मिळते.

आत पिवळं चिकट चाकाचं ग्रीस होतं. मी घातलेलं नाही. मिस्त्री तर मेले तरी घालणार नाहीत. आबांकडं बघितलं. आबा पेरूच्या झाडाकडं बघत होते. "मऊ चालावं म्हणून घातलं असंल कुणीतरी," म्हणाले.

मागचा हात: कुणीतरी, 2019.

पॅड दोन्ही बाजूंचे बदलले (एकाच बाजूचे बदलायचे नसतात), बूट नवे, पिना पॉलिश पेपरनं घासून. ब्रेक ऑइल चहासारखं काळं झालं होतं, तेही पूर्ण काढलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी प्यायलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. घाटात पाय खाली जातो तो असा. रंगावर सांडलं तर रंग उचलतं, ते वेगळं.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या) सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी उजवं. धाकटा पेडलवर, मी खाली दहाचा रिंग पाना आणि बाटलीत बुडवलेली नळी घेऊन.

"दाब."

"दाबला."

"धर. सोडू नको हं. सोडू नको म्हटलं ना!"

"पप्पा, सोडलाच नाही, तो आपला आपण खाली गेला."

"मी बोल्ट सोडल्यावर जाणारच खाली. वर घेऊ नको म्हणतोय मी."

"मग तसं म्हणा की."

तीन चाकं झाली. एवढ्यात शेजारी आले, द्राक्षाच्या दराचा विषय निघाला आणि वरच्या डब्यातलं ऑइल संपलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्टरनं हवा घेतली. चारही चाकं पहिल्यापासून. अंधार पडेपर्यंत. शेवटी पेडल दगडासारखं लागलं. मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडून ब्रेक मारला, गाडी नाकासमोर थांबली.

11 फेब्रुवारी

पासिंगला नेली. ब्रेक, लाईट, हॉर्न सगळं ठीक. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी चार बोटं फाटली होती, तेवढ्यावर परत. आठवडाभर ब्रेकवर घालवला आणि अडलो चिकटपट्टीवर.

12 फेब्रुवारी

पट्टी लावली. झालं.

6 मार्च. मीटर 2,92,300

हंगाम ऐन भरात. दुपारी 55 क्रेट, म्हणजे अकराशे किलोच्या आसपास माल, बेदाणा शेडला जुनोनीकडं घेऊन निघालो होतो. नागज फाट्याच्या अलीकडं तापमानाचा काटा चढायला लागला. पाऊणवर गेला आणि थांबेना. बाजूला घेतली, दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. एकदा, 2014 ला, लावला होता, मनगटावरचा डाग अजून आहे. ताडपत्रीखाली द्राक्षं, वर मार्चचं ऊन, आणि मी लिंबाच्या सावलीत चाळीस मिनिटं घड्याळ बघत. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सांगे, "गार पाणी ओता की." तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं तर हेड वाकतं किंवा तडकतं, हे दर वेळी सांगायचा कंटाळा आला. शेवटी एकाला म्हटलं, पाणीच नाही. तो बिचारा मोटरसायकलवरून जाऊन कॅन घेऊन आला.

निवल्यावर गोणपाटानं झाकण उघडलं, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं करत दोन लिटर पाणी गेलं. उरलेला रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये. माल पोहोचला.

शेडवर एक ड्रायव्हर म्हणाला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकून द्या, कटकट जाते. हा सल्ला इतके लोक देतात की खरा वाटायला लागतो. थर्मोस्टॅट काढला की गाडी गार राहते हे खरं, पण सदा गारच राहते. गार इंजिन डिझेल जास्त पितं, काजळी धरतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. आजार लपवायचा आणि दुसरा लावून घ्यायचा.

9 मार्च

रेडिएटर उतरवला. वरच्या टाकीतून टॉर्च मारून बघितलं तर नळ्यांची तोंडं पांढरी, आपल्या बंबाच्या तळाशी बसतो तसा थर. बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं कमी पडलं की बादलीनं बोअरचं ओतत आलोय. आमच्या बोअरच्या पाण्यानं ड्रिपरसुद्धा तुंबतात, त्यांना आम्ही न चुकता ॲसिड सोडतो. रेडिएटरला कधी सोडावंसं सुचलं नाही.

किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. दहा लिटर गरम पाण्याला पाव किलो, रेडिएटरमध्ये भरून अर्धा तास. फेसाळ, पिवळट, मग गढूळ. ओतून दिलं, परत भरलं. तिसऱ्या वेळेला पाणी स्वच्छ आलं. जास्त वेळ ठेवू नये, ॲल्युमिनियमचे भाग खातं. मग नळी लावून उलट्या बाजूनं धुतला, खालून चुनखडीच्या पापड्या ओंजळभर निघाल्या.

थर्मोस्टॅट पातेल्यात टांगून गॅसवर ठेवला (यावेळी विचारून, जुनं पातेलं). त्याच्यावर 82 चा शिक्का आहे, म्हणजे 82 अंशांना उघडायला सुरुवात व्हायला हवी. नव्वद झालं, ढिम्म. पाण्याला आधण आलं तेव्हा कुठं जरासा हलला. नवा आणला, तोही बसवायच्या आधी पातेल्यात घातला. 83 ला उघडला. बसवला, कूलंट आणि बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी निम्मं-निम्मं.

मागचा हात: घरातले सगळे. आईसुद्धा. तिनं एकदा कळशीनं ओतलं होतं.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारली, गाडीला हार. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नवी नंबरप्लेट सक्तीची झालीय, तिची तारीख नोंदवली. जुनी प्लेट आबांनी तासगावातून रंगवून आणली होती, वळणदार आकड्यांची. ती पत्र्याच्या शेडला ठोकून ठेवणार म्हणतात.

19 एप्रिल

खरड छाटणी सुरू. रिकामी गाडीही डाव्या बाजूला झुकून उभी राहते. खाली वाकून बघितलं, मागच्या डाव्या पाट्यांतला (स्प्रिंगच्या पट्ट्यांतला) दुसरा पाटा मोडलाय, बरोबर सेंटर बोल्टच्या भोकावर. भोकावर मोडला म्हणजे पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले होते. घट्ट असते तर पाटे मधे हलतच नाहीत, वाकतात ते दोन्ही बाजूंना. ढिले झाले की सगळा मार त्या भोकावर.

हे काम घरी केलं नाही. दाबलेल्या पाट्याची क्लिप सुटली की हाड मोडते, आणि पाट्याला बाक देणं भट्टीवाल्याचं काम. सांगलीत पाटेवाल्याकडं दिली, तो दुसऱ्या दिवशी देतो म्हणाला आणि चौथ्या दिवशी दिली. डिझेल पंपही मी कधी उघडणार नाही. दोन-तीन गोष्टी अशा सोडून द्याव्यात.

मागचा हात: वहीत नाही, वहीच्या आधीचं. आबा म्हणतात मी, मी म्हणतो आबा. मिस्त्रींना विचारलं तर ते हसायलाच लागले.

4 मे

पाचशे किलोमीटर झाले. यू-बोल्ट परत आवळले. चारांपैकी तीन नट पाव फेरा गेले. पाटेवाल्यानं बजावून सांगितलं होतं म्हणून, नाहीतर राहिलंच असतं.

24 मे. मीटर 2,95,870

चार दिवस पाऊस थांबेना. मे महिन्यात असा पाऊस. काड्यांवर फूट कोवळी आहे, डाऊनीची (बुरशीच्या रोगाची) भीती, फवारणीला गाडी लागतेय आणि वायपर मधेच थांबतो. फ्यूजचा डबा उघडला तर आत पाणी. डब्यात पाणी कुठून? बाहेर पाऊस, आत मी डॅशबोर्डखाली पाय वर करून, हातात टॉर्च. छपरावर लाईट लावायला 2021 ला मी भोक पाडलं होतं, आधी तेच बघितलं. कोरडं. सिलिकॉन जागच्या जागी. आबांनी आरशासाठी पाडलेलं भोक, तेही कोरडं. मग धाकट्यानं बाहेरून काचेवर बादली मारली आणि आत, काचेच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून, एक थेंब फुगला, खांबाच्या आतून वायरीवरून घरंगळत खाली आला आणि डब्यात पडला. मग दुसरा.

पुढच्या काचेचं रबर. कोपऱ्यात आक्रसून दोन सूत फट पडलीय, बोटानं दाबलं तर भाजलेल्या पापडासारखं मोडतं. काच कधी फुटली नाही, कधी काढली नाही.

मागचा हात: कुणाचाच नाही. 2007.

फ्यूज काढून पुसले, पॉइंट घासले, डबा दोन बोटं पुढं सरकवून बांधला. रबर सांगलीत सांगितलंय, सोमवारी येतंय. काच बसवायला चौघं लागतात, मेहुण्यांना बोलवायचंय. जुना सदरा घालून या म्हणून सांगितलंय.